सातबाऱ्यावर नसलेल्या विहिरी

तेल आणि वायूच्या शोधाची फाईल माझ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे, जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या शेजारी. ती दुसरीकडे कुठे ठेवावी हे मला सुचलं नाही. ग्रामसेविका म्हणून नोकरीला वीस वर्षं होऊन गेली. घरकुलांची फाईल हिरवी, पाण्याची निळी, रोजगार हमीची पिवळी, तक्रारींची लाल. जमिनीच्या पोटातल्या गॅससाठी रंगच उरला नव्हता. शेवटी परतूरला बाजारच्या दिवशी जाऊन जांभळी फाईल विकत आणली.

पत्र दिवाळीनंतर आलं. मूळ परवानगी दिल्लीची, तिच्याखाली जिल्ह्याचं पत्र, त्याखाली तालुक्याचं, आणि सगळ्यात शेवटी आमच्या गावाचं नाव. आमच्या शिवारातून एक सरळ रेघ जाणार होती. त्या रेघेवर ठरावीक अंतरावर खोल बोअर घ्यायचे, प्रत्येकात लहानसा स्फोट करायचा, आणि त्याचा आवाज खालून कसा परत येतो ते जमिनीवर मांडलेल्या यंत्रांनी ऐकायचं. काळ्या दगडाच्या खाली तेल-वायू असण्याजोगी जागा आहे का, ते त्यावरून कळतं. काही सापडलंच तर ते काढायचा परवाना वेगळा, आणि तो आमच्या हयातीत येईल असं कुणाला वाटत नव्हतं. आत्ता फक्त ऐकायचं होतं. पण ऐकायलासुद्धा ग्रामसभेचं ना-हरकत लागत होतं.

सरपंचांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, गॅस लागला तर गावाला सिलिंडर फुकट का?"

"पत्रात तसं काही नाही."

"मंग पत्रात हाय काय?"

"अटी."

मी अटी वाचून दाखवल्या. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा. शाळा आणि घरांपासून लांब. स्फोटाआधी शिट्टी. आणि तिसऱ्या क्रमांकावर : अभिलेखात नोंद असलेल्या विहिरीपासून शंभर मीटरच्या आत स्फोट करू नये. सरपंच म्हणाले, "ही अट चांगली हाय." मलाही ती चांगली वाटली. आम्ही दोघं आठवडाभर खूश होतो.

मग रेघेवर खुंट्या आल्या. प्रत्येक खुंटीला तांबडी फीत. कापूस वेचणाऱ्या बायका ओळीतून जाताना फितीला हात लावून बघायच्या, आणि वेचणी संपवून परत येताना विचारायच्या की ही खुंटी खाली कुठवर गेली आहे. खुंट्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दफ्तराचं कुलूप काढत होते, तेव्हा पायरीवर चाचा बसलेले होते.

चाचा सत्तरीच्या आसपासचे. गावात त्यांची मोसंबीची बाग आहे, ओढ्याच्या अलीकडे, दीडशे-पावणेदोनशे झाडं. घरात उर्दू बोलतात, बाहेर आमच्यासारखंच. दफ्तरात काम असलं तर इतर लोक दुपारी येतात. चाचा माझ्या आधी येतात.

"बाई, माझ्या विहिरीपासून खुंटी किती हाय सांगू? तीस पावलं. मी मोजून आल्तो."

"मग घाबरता कशाला? अट आहे तशी. शंभर मीटर."

"घाबरत न्हाई. पन माझ्या डोळ्यांदेखत झालंय ते. पल्याडच्या शिवारात एकानं विहीर खोल कराया सुरुंग लावला. तेच्या शेजारच्याचा झरा सरकला. पुन्हा आलाच न्हाई. त्या मानसानं बाग सरपनाला तोडली."

"स्फोट लहान असतो म्हणतात."

"झऱ्याला लहान-मोठं कसं कळनार, बाई? अन् आता झाडं तानावर हायेत."

हे मोसंबीवाल्यांना सांगावं लागत नाही, इतरांना सांगते. थंडीत महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग नेमक्या वेळी पहिलं पाणी सोडलं की आख्खी बाग फुलते. ते पहिलं पाणी वेळेवर मिळालं नाही तर फूल नाही, आणि ताणलेलं झाडही हातचं जातं. चाचांचं पहिलं पाणी संक्रांतीच्या आसपास द्यायचं होतं. रेघेवरचे स्फोटही संक्रांतीच्या आसपासच होणार होते.

"काही काळजी करू नका," मी म्हटलं. "तुमचा सातबारा काढू, विहिरीची नोंद दाखवू, खुंटी हलेल." आणि संगणकावर त्यांचा गट नंबर टाकला.

सातबाऱ्यावर विहीर नव्हती.

मी पुन्हा पाहिलं. मोसंबी होती. तिच्यापुढे पाण्याचं साधन : नाही. कोरडवाहू.

चाचा पडद्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "आपुनच लिव्हलंय की ते," ते म्हणाले.

आमच्या गावची रीत समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. रोजगार हमीतून शेतकऱ्याला नवी विहीर मिळते, पण सातबाऱ्यावर आधीची विहीर असेल तर मिळत नाही. ही अट कळल्या दिवसापासून आमच्या गावातल्या विहिरी कागदावरून नाहीशा होत गेल्या. जुनी नोंद होती ती राहिली, पण नवी विहीर पाडून कुणी ती नोंदवली, असं माझ्या काळात घडलेलं नाही. पीक पाहणी मोबाईलवर आली, शेतकऱ्याने स्वतःच भरायची झाली, तेव्हापासून तर काम सोपं झालं. ऊस कोरडवाहू, केळी कोरडवाहू, मोसंबी कोरडवाहू.

आणि मी त्यात नव्हते असं म्हणता यायचं नाही. दर एप्रिलात मी टंचाईची वही घेऊन शिवारभर फिरते, कुणाच्या विहिरीला किती पाणी उरलंय ते लिहून घेते, कारण मे महिन्यात त्यातल्याच दोन-तीन विहिरी गावाच्या पाण्यासाठी ताब्यात घ्यायच्या असतात. चाचांची विहीर दोन उन्हाळे गावानेच वापरली होती. त्याचे कागद निळ्या फाईलमध्ये होते. पिवळ्या फाईलमध्ये नव्या विहिरीसाठी पात्र असलेल्यांची यादी होती, आणि तिच्यात चाचांचं नाव दुसऱ्या क्रमांकावर माझ्याच अक्षरात होतं. एका फाईलमध्ये विहीर होती, दुसरीत नव्हती, आणि दोन्ही फायली एकाच कपाटात एकमेकींना टेकून उभ्या होत्या. नीटनेटकेपणाचा मला अभिमान आहे. त्या दिवशी कपाट लावून घेतलं आणि चहा मागवला.

चाचा गेल्यावर मोजलं. सातबाऱ्यावर गावच्या विहिरी नऊ. माझ्या वहीत एक्केचाळीस.

दोन दिवसांनी सर्वेक्षणाचा माणूस आला. त्यांच्या टोळीत यंत्रवाले, बोअरवाले, स्फोटवाले असे वेगवेगळे असतात. हा सगळ्यांच्या पुढे एक गाव चालणारा, परवानग्या गोळा करणारा. टोळीतले लोक त्याला परमिटवाला म्हणत, म्हणून गावही तेच म्हणू लागलं. पन्नाशीचा, खानदेशाकडचा, खिशाला तीन रंगांची पेनं. त्याच्या याद्या बघून मला बरं वाटलं. त्याने माझी वही बघून, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे पाहिजे होतात," असं म्हटलं. मी त्याला चाचांच्या बागेत घेऊन गेले.

तो विहिरीच्या कठड्याशी उभा राहिला. खाली वाकून बघितलं. पाणी होतं, त्यात त्याचं डोकं दिसत होतं. मग त्याने कागद उघडला.

"कागदावर तर इथे काही नाही."

चाचा म्हणाले, "साहेब, तुमी तिच्यात बघून राह्यले की."

"मला दिसते हो. पण माझ्या वरच्याला दिसत नाही ना. त्याला शिक्का दिसतो." मग त्याने बागेकडे नजर टाकली. "आणि ही मोसंबी? पावसावर?"

चाची झाडाखाली वाळलेली पानं गोळा करत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "हौ, पावसावर. इनकी नमाजां पर."

परमिटवाला इतका हसला की त्याला कठड्यावर बसावं लागलं. हसून झाल्यावर त्याने कामाचं सांगितलं. सातबाऱ्यावर नसेल तरी चालेल. ग्रामसभेने ठराव करून विहिरींची यादी दिली, मालकाने स्वतः उभं राहून सांगितलं आणि सही केली, तर ती नोंद तो धरेल. रेघेवरच्या खुंट्या तेवढ्या सरकतील. फक्त ठरावाची एक प्रत तलाठ्याकडे जाईल.

"म्हंजी सातबाऱ्यावर चढंल," चाचा म्हणाले.

"चढेल."

"अन् नवी विहीर?"

हे माझ्याकडे बघून विचारलं होतं. मी म्हटलं, "मिळणार नाही, चाचा." खोटं सांगून काय उपयोग होता?

चाचांनी टोपी काढली, परत घातली. नवी विहीर त्यांना वरच्या पट्टीसाठी हवी होती, धाकट्या लेकाच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीत. यादीत नाव लागायला तीन वर्षं गेली होती. चाची पानांची पाटी घेऊन जवळ आल्या.

"क्या सोचते जी इत्ता? जो है उसकू बचाव. ये बावडी अपन दोनों खोदे, तीन गर्मियां. मैं ऊपर खींचती थी, तुम नीचे से गालियां देते थे."

"गालियां नहीं देता था. पत्थर गिराती थी तू."

"एकच गिराया था."

"दो," चाचा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "ग्रामसभा कधी हाय, बाई?"

ग्रामसभा गुरुवारी सकाळी शाळेच्या पटांगणात झाली. एवढी माणसं मी घरकुलाच्या वेळीही पाहिली नव्हती. सगळ्यांना गॅसचं ऐकायचं होतं. परमिटवाल्याने तक्त्यावर चित्र काढून नीट समजावलं. विषय क्रमांक एक, दोन, तीन झटपट झाले. मग सरपंचांनी चौथा वाचला.

"शिवारातल्या विहिरींची यादी. ज्याच्या ज्याच्या हायेत त्यानं सांगावं."

पहिल्या रांगेत तलाठीभाऊ वही उघडून, पेनाचं टोपण काढून बसलेले. ते टोपण सगळ्यांना दिसत होतं.

"न्हाईत वाटतं कुनाच्या," सरपंच शाळेच्या पत्र्याकडे बघत म्हणाले. माझ्या वहीप्रमाणे त्यांच्या दोन होत्या.

"मंग गावात पानी कुठून येतंय, कलेक्टर धाडतो का?" मागून एक म्हातारी म्हणाली. बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत.

चाचा उठले. शेजारच्याने त्यांचा सदरा ओढला. "चाचा, बसा खाली. यादीत दोन नंबरला हायेत तुम्ही."

"यादीतल्या विहिरीला पानी हाय का?"

"आजून खोदली कुठंय?"

"मंग सोड सदरा." चाचा तलाठीभाऊंकडे वळले. "माझी हाय. लिवून घ्या. बावन्न फूट, दगडी बांधकाम, उत्तरेला पायऱ्या."

तलाठीभाऊ चांगला माणूस आहे. त्यांनी हळूच विचारलं, "चाचा, अर्ज केलाय तुम्ही नव्या विहिरीचा. विचार केलाय ना?"

"केला. खोडा माझं नाव. बिलकुल खोडा. बाई, तुमच्या कागदावर बी खोडा."

मी पिवळी फाईल सोबत आणलीच होती. दुसऱ्या क्रमांकावर रेघ मारली. सगळे बघत होते, म्हणून पट्टी लावून मारली.

त्यानंतर दुसरं कुणी उठेना. मला वाटलं, यादी एकाच विहिरीची होणार. मग बायकांच्या बाजूने एकजण उठली, कापसाच्या वेचणीला जाणारी, डोक्याला रुमाल तसाच बांधलेला. "आमच्या ह्यांची बी हाय. ओढ्याकाठी."

"अगं ए!" नवरा ओरडला.

"ए काय? रेघ तिथूनच गेली. झरा गेला तर काय करनार हाव? अन् रोज मोटार चालू कराया मलाच धाडता का न्हाई? का तिथं नुसती मोटारच हाय, विहीर न्हाई?"

एवढा हशा झाला की नवऱ्याला सही करायला पुढे यावंच लागलं. मग एका भावाने दुसऱ्या भावाकडे बोट दाखवलं. "तेच्या दोन हायेत, लिव्हा."

"अन् तुझ्या तीन! त्यातली एक माझ्या बांधावर!"

"बांध कुनाचा ते मोजनीत ठरंल!"

"मोजणी आज विषयात नाही," मी म्हटलं. "पाच लिहिल्या. पुढे."

मग धरबंद राहिला नाही. जो उठायचा तो स्वतःची सांगताना दुसऱ्याची एक जास्त सांगायचा. कुणी आजोबाने बांधलेली सांगितली, कुणी सासऱ्याची, एकाने तर शेजारच्या गावातल्या मेव्हण्याची सांगितली, ती मी घेतली नाही. म्हातारीने सरपंचांना नावाने विचारलं, "अन् तुझ्या रे?"

"माझ्या... दोन."

"तिसरी?"

"ती गाळानं भरलीय, मावशी."

"गाळ मागच्या साली काढला! माझा नातू होता की कामाला!"

टाळ्या पडल्या. सरपंचांनी हात जोडले आणि तिसरीही सांगितली. तलाठीभाऊंचं पान भरून उलटं झालं होतं. ते म्हणाले, "एका सकाळी एवढ्या विहिरी आख्ख्या तालुक्यात कुणी पाडल्या नसतील."

एकूण चव्वेचाळीस झाल्या. माझ्या वहीपेक्षा तीन जास्त. गावाला फार आनंद झाला होता. मला मात्र दिवसभर त्या तिघींचं टोचत राहिलं. दर एप्रिलात उन्हातून फिरून त्या कशा सुटल्या? रविवारी स्कूटर काढून तिन्ही बघून आले. एक बोरीच्या झुडपाआड होती, तिला माफ केलं. बाकीच्या दोन भर रस्त्याला होत्या.

त्या चव्वेचाळीसांपैकी रेघेच्या जवळ येणाऱ्या तिघांच्याच होत्या. परमिटवाल्याने मोजपट्टी लावली. दोन खुंट्या सरकवल्या, एक काढूनच टाकली. चाचांच्या बागेजवळची खुंटी ओढ्यापलीकडे गायरानात गेली. नवी जागा चाचांनी स्वतः पावलांनी मोजली, आणि मोजपट्टीपेक्षा चार पावलं जास्त भरली तेव्हा म्हणाले, "चालतंय." तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. शंभर मीटर हे कागदाने ठरवलं होतं; झऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

स्फोटाच्या दिवशी गाव बांधाबांधावर उभं होतं. मोटारी बंद, ट्रॅक्टर बंद, बैल दावणीला. जमिनीवर हिरव्या पेट्यांची रांग लागलेली, प्रत्येकीचा खिळा मातीत. शिट्टी झाली. गायरानातून एक धप्प असा आवाज आला, आणि थोडी माती उडाली.

"एवढंच?" सरपंच म्हणाले.

"माझी सून भांडी याच्यापरीस जोरात आपटती," म्हातारी म्हणाली आणि घराकडे निघाली.

चाचा मात्र विहिरीवर होते. त्यांनी सुताच्या दोरीला हाताहातावर गाठी मारून खाली दगड बांधला होता. स्फोटाआधी आठ दिवस रोज दोनदा ती दोरी सोडून पाणी कोणत्या गाठीला लागतं ते ते बघत होते. झाडं ताणावर असल्यामुळे मोटार बंदच होती, पाणी एका जागी उभं होतं. सातवी गाठ.

संध्याकाळी परमिटवाला शेवटचा कागद घेऊन आला. 'नुकसान झाले नाही' असा दाखला, खाली मालकाची सही. बाकी दोघांनी करून टाकली होती. चाचांनी कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला.

"तीन दिवसांनी."

"चाचा, उद्या मला पुढच्या गावाला जायचंय. टोळी मागे थांबून राहते."

"तुमच्या अटी आम्ही ऐकल्या का न्हाई? मंग माझी एक ऐका. झरा सरकला तर त्याच दिवशी कळत न्हाई. हळूहळू कळतंय. तीन दिवस."

परमिटवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ना-हरकत ग्रामसभेचं आहे. दाखला मालकाचा." हे मी नियमाप्रमाणेच म्हटलं, पण म्हणताना बरं वाटलं.

तो थांबला. पहिल्या दिवशी फोनवर वरच्यांना समजावत बांधावर फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी चाचींनी त्याला जेवायला घातलं, आणि दुपारी तो स्वतः उत्तरेच्या पायऱ्या उतरून दोरीचं टोक बघायला गेला. खालून ओरडला, "सातवी! थोडी वरच!" चाचा वरून म्हणाले, "थोडी-बिडी न्हाई. बराबर सांगा."

"बराबर सातवी!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन गेले. सरपंचही आले, त्यांना काही काम नव्हतं तरी. चाचांनी दोरी सोडली. दगड पाण्याला लागल्याचा आवाज आला. त्यांनी दोरी बोटात धरली, वर घेतली, ओली कडा बघितली, आणि चाचींना दाखवली. चाचींनी मान हलवली.

"बाई, लिव्हा," चाचा म्हणाले. "पानी सातव्या गाठीला. व्हतं तिथंच हाय."

त्यांनी खिशातून काढून दिलेल्या दाखल्यावर, सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत, मी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. त्यांनी खाली उर्दूत सही केली. परमिटवाल्याने कागद पिशवीत टाकला आणि निरोपासाठी हात पुढे केला, पण चाचा तोवर मोटारीच्या पेटीकडे निघाले होते. पानं गळून गेलेली झाडं, खाली भेगाळलेली काळी माती. पहिलं पाणी द्यायचा दिवस उलटून दोन दिवस झाले होते.

"साहेब, हटो वहां से," चाचींनी हाक मारली.

तो पाटातच उभा होता. मोटार खाकरली, पाइपाला हिसका बसला, आणि पाणी पाटात उसळून त्याच्या बुटांवरून पहिल्या झाडाकडे धावलं.